उसनं ऊन

छतावर पालथी पडून मी आठ भोकं पाडली,
प्रत्येक वेळी श्वास रोखून,
कारण गाडीच्या छताला पाडलेलं भोक
मागे घेता येत नाही.

एकतीस वर्षं डलूथमध्ये शाळेची बस चालवली.
उणे तीसमध्येसुद्धा चढणारी डोकी मोजली, उतरणारी मोजली,
आकडा जुळल्याशिवाय घरी गेले नाही कधी.
आता इथे, युमाच्या उत्तरेला, रेती आणि काटेरी झुडपांत
अँपिअर मोजते.

दोनशे वॉटची दोन पॅनेलं.
माझ्या अंगठ्याएवढी जाड तांबडी केबल,
तिच्या टोकाला दाबून बसवलेलं पितळी बोट
(ओढून पाहिलं, पाय टेकवून ओढून पाहिलं).
आधी बॅटरी, मग पॅनेल, हा क्रम चुकवायचा नाही.
फ्यूज सगळ्यात शेवटी.
अँटेनाची बोटभर सावली पॅनेलवर पडली
तर निम्मी वीज गेली. पटलं नव्हतं.
अँटेना आडवी केली, तेव्हा पटलं.
बॅटरी ठेवली माझ्याच पलंगाखाली, जुन्या रजईत,
लिथियमला गारठ्यात भरवलेलं सोसत नाही.

हे सगळं कशासाठी, तर खरं सांगते,
शेजारच्या टीगच्या जनरेटरसाठी.
रात्रभर तो धडधडायचा, पेट्रोलचा भपका थेट माझ्या उशीशी.
दोनदा चिठ्ठी लावली त्याच्या दारावर.
एकदा तर चांगलीच खरमरीत.
मनात म्हटलं, दाखवतेच त्याला, मुकी वीज कशी असते.

जानेवारीतल्या मंगळवारी, रात्री नऊला,
जनरेटर खोकला, आणि थांबला.
काय ती शांतता! मी चक्क हात जोडले.
मग दारावर टकटक.

ऑर्विल टीग. पायात वेगवेगळे मोजे.
हातात वायरचं भेंडोळं, नाकात नळी,
नळीचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नाही.
"कार्ब्युरेटर," एवढंच बोलला.
बाकीचं त्याच्या ओठांच्या रंगावरून कळलं.
ॲम्ब्युलन्स बोलवू का, विचारलं, तर मान हलवली:
यंत्र चाललं तर तो ठीक असतो.

बॅटरी अठ्ठ्याहत्तर टक्के.
त्याचं प्राणवायूचं यंत्र दीडशे वॉट,
वर इन्व्हर्टर आपली दलाली घेणार.
सूर्य सात चाळीसला.
पाटीवर गणित मांडावं तसं
पावाच्या पिशवीवर मांडलं, दोनदा, दोन्हीदा काठावर.

माझा फ्रिज बंद केला. दूध गेलं तर गेलं.
हीटरचा पंखा बंद, दिवा बंद,
फोनसुद्धा चार्जरवरून काढला.
दोन गाड्यांच्या मधल्या रेतीतून वायर गेली.
पलीकडे सुस्कारा टाकत यंत्र चालू झालं:
फुस्स... थांब... फुस्स.
ज्याला मी तीन आठवडे शिव्या दिल्या
तो आवाज ह्या आवाजाचा पहारेकरी होता.

एक वाजता बावन्न.
कोट घालून मीटरसमोर बसले. 
चारला बत्तीस.
हिवाळ्यात बस बंद पडली होती एकदा,
मागे सव्वीस मुलं, तेव्हा अशीच
काट्याकडे बघत होते, बघितल्याने तो थांबणार असल्यासारखी.
सहाला एकोणीस.
बाहेर अंधाराचा रंग जरा विटला.

सात चाळीसला आठ.
डोंगराच्या कडेवरून ऊन घरंगळलं
आणि कंट्रोलरच्या काचेत उमटलं:
०.३.
अर्धा अँपिअरसुद्धा नाही. चिमूटभर.
मी मोठ्याने म्हटलं, "आला एक."
जसं पहिलं पोर पायरी चढताना म्हणायचे.

नऊ वाजता टीग वायर गुंडाळत आला,
कोपर आणि अंगठ्यावर, अगदी चुकीची गुंडाळतात तशी.
म्हणाला, "झोप लागली ना?"
"लागली की."
छताकडे बघून म्हणाला, "ते तिरकं का ठेवलंय?"
हिवाळ्यात सूर्य खाली वाकून चालतो, मी सांगितलं,
म्हणून आपणही तेवढं वाकायचं.
त्याने मान डोलावली. कळलं नसावं.

वायर मी परत घेऊ दिली नाही.